मोठं केंद्रक

—बॅग ठेव तिथंच, चंदर. तुझ्या बहिणीच्या साड्या कुठं पळून जात नाहीत. बस. चहा टाकू? नको तर नको. तुझ्या आईनं काय पढवून पाठवलंय ते माहितेय मला— बापावर गेला, रक्तच तसलं. रक्त! म्हातारीला म्हणावं, ही खिडकीतली बरणी बघ. कुजक्या गवताचं पाणी दिसतं ना? पॅरामेशियम आहेत त्यात, हजारो. उल्हासनगरच्या कॉलेजांना प्रॅक्टिकलसाठी मीच पुरवतो— एस.वाय.ला हाकललेला मी! एकच पेशी, पण केंद्रकं दोन. मोठं घर चालवतं, सगळा हुकूम त्याचा. छोटं गप्प. पण वारसा जातो तो छोट्यातनं. दोन जीव जुळले की मोठ्याच्या चिंध्या होतात, विरघळतं साला, आणि छोट्यातनं नवं मोठं तयार होतं. कोरं. आलं लक्षात? आमच्याकडं अण्णा मोठं केंद्रक— अंबरनाथच्या केमिकल कंपनीतले ऑफिसर, विष्णुपंत साहेब! आई छोटं. अण्णा आधी हातातलं घड्याळ काढायचे, रेडिओवर ठेवायचे, सरळ, पट्टा दुमडून— काच फुटू नये म्हणून. मग आईचे केस धरायचे. घड्याळ निघालं की मी मोरीत लपायचो. शहाऐंशी साली नाही लपलो. वरवंटा उचलला आणि घातला जबड्यावर. दोन दात फरशीवर. आई ते दात गोळा करत होती आणि शिव्या मला घालत होती, मला! पुढं अण्णा पेज पीत पीत मेले. मी म्हटलं, झाल्या चिंध्या. आता मी कोरा.

हो, मारलं वृंदाला. नाही म्हणतोय का? पाचवा महिना आहे हे मला कळत नाही? बरणी पुसताना तिच्या हातनं पाणी सांडलं, एवढंसं— आणि मग ती कपाटाशी पडलेली, भुवईतनं रक्त, दोन्ही हात पोटावर. पोटाला नाही लागलं, विचार तिला! मी पाणी आणायला वळलो, तर रेडिओवर माझं घड्याळ. सरळ. पट्टा दुमडून. कधी काढलं मी? आईशप्पथ, आठवत नाही.

एक गोष्ट मघाशी गाळली मी. ते जुनं मोठं केंद्रक फुटतं ना, ते लगेच मरत नाही. तुकडे आतच तरंगत राहतात, आणि नवं तयार होताना काही बाबतीत त्याला आपल्याच वळणावर नेऊन सोडतात. मेलं तरी.

पण माणूस म्हणजे पॅरामेशियम नाही रे! तिला सांग, रविवारी कुळगावला येतो, तुझ्या आईच्या पाया पडतो, घेऊन येतो तिला— मान काय हलवतोस? माझी बायको आहे ती! माझं पोर आहे! आणि तू कोण रे, माझ्याच घरात मला नाही म्हणणारा? थांब, थांब तू—

...चंदर. रेडिओवर काय ठेवलं मी आत्ता?

बॅग उचल. वरच्या फळीवर तिनं विणलेलं टोपडं आहे, ते पण घे. तिला पाठवू नकोस. मी रडत आलो तरी दार उघडू नका. बघतोस काय? जा ना भडव्या, जा!