फ्रान्सचं स्थळ

सुलोचनाबाईंची हयात सोयरिकी जुळवण्यात गेलेली. आज मात्र त्या मांजर मांडीवर घेऊन वर्ध्याच्या जनावरांच्या दवाखान्यात बसल्या होत्या. शेजारी आंजीचे रूपराव चंपी कुत्रीसोबत, अन् समोर नालवाडीचे दुकानदार धर्मेंद्र. त्यांच्या पायाशी बासेट जातीचा कुत्रा पसरलेला.

“शेठ, याचे पाय इतके आखूड काऊन?” रूपरावांनी विचारलं.

“जुनी शिकारी जात आहे, काकाजी. फ्रान्सची. शिकारी मागून पायी चालत, म्हणून कुत्रा हळू चालणारा पाहिजे.”

“अन् कान तं जमिनीले लागून राह्यले.”

“वास नाकाकडं लोटतेत म्हणे.”

“तोंड काऊन रडकं?”

“बापाचंबी असंच होतं.”

“आमच्या चंपीसाठी स्थळ पाहून राह्यलो. खानदान कसं आहे याचं?”

“राजेरजवाड्यांच्या शिकारीतलं.”

“खानदान झालं. पोरगा काय करते?”

“सोफ्यावर झोपते.”

“आमची चंपी रातभर रानडुकरं हाकलते. याले जमन?”

“हा मांजरीले भेते, काकाजी.”

तेवढ्यात बाईंच्या मांडीवरच्या मांजरीनं जांभई दिली, तसा तो शिकारी उठून चंपीच्या पोटाखाली शिरला. बाईंनी पसंतीची मान डोलावली, तसे रूपराव म्हणाले,

“मंग जमलं, शेठ. आमच्या चंपीले घरजावईच पाहिजे होता.”