सकाळचा सराव

दातांच्या दवाखान्यात शिंपीणबाई गाल धरून बसल्या होत्या. समोरच्या बाकावर बहीणभाऊ बोलत होते, आणि कानांना काही झाकण नसतं.

“ताई, जुन्या सामुरायांचा नियम आहे. रोज सकाळी स्वतःला मेलेलं समजायचं. तलवारीनं, आगीत, पुरात. मग भीती राहत नाही.”

“उठल्या उठल्या मरायचं? त्यापेक्षा अंथरुणाची घडी घालावी माणसानं.”

“हस तू. दोन महिने करतोय. आज दाढ काढायचीय, पण छातीत धडधड नाही.”

“लहानपणी सुई बघून पलंगाखाली शिरायचास.”

“आता माझं मरण पाठ झालंय, ताई. म्हणून सोमवारपासून तुझं घेतलंय.”

“माझं?”

“पाण्यात.”

“असलं अभद्र बोलू नये रे.”

“तू मला हाक मारतेस. दोनदा.”

“आणि तू?”

“काठावर उभा असतो. अगदी शांत.”

“हात तरी देतोस ना?”

“आज सकाळी तरी नाही दिला.”

तेवढ्यात आतून भावाला बोलावणं आलं. तो हसतच गेला. बहिणीनं मांडीवरची त्याची पिशवी उचलून लांब ठेवली आणि शिंपीणबाईंना विचारलं, “मी जरा तुमच्याजवळ बसू?”