न ऐकलेले पिकअप

नीरजा मुकुंदवाडी स्टेशनात गाडीची वाट पाहत होती. शेजारच्या बाकावर एक तरुण कन्नडहून आलेल्या काकांना आपली इलेक्ट्रिक गिटार विकत होता.

"गिटार स्वस्तातली आहे काका, पण पिकअप भारीतले टाकलेत."

"म्हंजी काय?"

"तारांचा आवाज पकडून स्पीकरला देतात ते."

"मंग आवाज लई बदलला असंल."

"बदलला असणार."

"असणार म्हंजी? तू ऐकला नाय?"

"नाही. माझा स्पीकर विकला ना."

"कशापायी?"

"पिकअप घ्यायला."

काकांनी गिटारच्या तारांवरून बोट फिरवलं. नीरजाची गाडी आली, पण ती बसूनच राहिली.

"आमच्या पोरीच्या, श्रेयाच्या गिटारच्या क्लासात स्पीकर हाय. चल कन्नडला. आधी तू वाजव."

"मग घेणार ना?"

"तू वाजव तर. मंग मीच तुला इच्यारीन, इकायची हाय का म्हणून."