अंगठ्यानं लिहिलेलं रबर

तुम्हीच सांगा, कोणी तुमच्याकडून दुपारभर लिहून घेतलं आणि काय लिहिलं ते सांगितलंच नाही, तर तुम्हाला चैन पडेल का? आमच्या बोकनाम मावशींना नाही पडली. कोरियातल्या देजॉन शहरात एका संशोधन संस्थेत आमची खानावळ, मावशी तिथे तीस वर्षं मांदू, म्हणजे मोदकासारख्या तिखट सारणाच्या पुऱ्या, करतायत, सारण भरलं की कडा अंगठ्यानं अशी दाबणार की उकळत्या पाण्यातही तोंड उघडायचं नाही... म्हणून तर वरच्या मजल्यावरची सोदाम धावत आली. तिची पदवीची तोंडी परीक्षा दुसऱ्या दिवशी, आणि लिहिणारं यंत्र नेमकं तेव्हाच बंद पडलेलं. "मावशी, तुमचा अंगठा हवाय."

म्हणजे काय, तर तिनं परीक्षेसाठी बनवलेलं पोळीएवढं एक रबर, त्यावर पाचशे शहात्तर फुगवटे. फुगवटा दाबला की टपकन खाली बसतो आणि बसूनच राहतो, वीज नको, काही नको. वर म्हणजे एक, खाली म्हणजे शून्य, त्यातच सगळा मजकूर. मी कागद बघून सांगायची, "खाली, वर, वर, खाली," आणि मावशी दाबायच्या. दहा फुगवटे झाले नाहीत तोच, "पण लिहिलं काय?"

"उद्या वाचायचं दुसरं यंत्र आहे, ते वाचेल, मावशी. एकेका फुगवट्याला हळूच टोचून बघतं ते," सोदाम म्हणाली.

"यंत्राला कळणार आणि लिहिणारीला नाही? कुणाचं प्रेमपत्र आहे का गं?"

तुम्हाला सांगते, माझा घसा बसला, त्यांचा अंगठा सुजला, तरी दर ओळीला तेच, पण लिहिलं काय... शेवटी सोदाम वैतागली. "काही नाही लिहिलं, मावशी. मुद्दामच अर्थ नसलेलं घेतलंय, नाहीतर परीक्षक म्हणतील, यंत्रानं अंदाजानं वाचलं."

मावशींनी अंगठा उचलला. "सारणाशिवाय मांदू? मी नाही करत."

बावीस ओळी झालेल्या, दोन बाकी, आणि पोरीच्या डोळ्यांत पाणी. मग तीच म्हणाली, "बरं, शेवटच्या दोन ओळी तुमच्या. काय लिहायचं?" आता एवढी हौस असलेलं माणूस काय लिहील? लेकीचं नाव, देवाचं नाव... मावशींनी छताकडे बघत पुष्कळ विचार केला आणि म्हणाल्या, "उद्या मुळ्याचं सूप आहे. तेवढं लिही." सोदामनं त्याच्या खुणा काढून दिल्या, आणि मावशींनी त्या इतक्या जपून दाबल्या की मला श्वास घ्यायचीही चोरी.

दुसऱ्या दिवशी सकाळी यंत्रानं सगळं बिनचूक वाचलं, सोदाम पास झाली, तिन्ही परीक्षक सूप प्यायला खाली आले, आणि मुळे आलेच नव्हते म्हणून मावशींनी त्यांना कोबीचं वाढलं.