बारा मिनिटांत बदलायची बस

— अहो, त्या खिडकीवर परत नका जाऊ. तो माणूस सहलीच्या गाडीचं तिकीट तुमच्या गळ्यात मारणार, मारतोच तो, आणि मग तीन दिवसांत आठ ठिकाणं बघाल तुम्ही, पण गाडीच्या काचेतून. बसा इथे. बसा हो, ही पिशवी घेतो मी मांडीवर. काय म्हणालात, आईंना घेऊन जायचंय? वय काय त्यांचं? अडुसष्ट — मग काय झालं, चालतात ना? गुडघे? थोडे? थोडे तर माझेही आहेत. साध्या बसनं सगळं होतं, आणि स्वस्तात होतं; फक्त डोकं वापरावं लागतं, आणि ते लोकांना घरी विसरून यायची सवय. हे बघा, ही माझी वही. निळ्या शाईनं सुटायची वेळ, लाल शाईनं पोचायची, आणि हिरव्यानं मधला वेळ. हिरवा जितका कमी तितका आराखडा चांगला. अठ्ठावीस वर्षं शाळेचं वेळापत्रक मी लावलं. एकतीस शिक्षक, बावीस वर्ग, आणि एकाही वर्गाचा तास कधी मोकळा गेला नाही! पोरं मला घंटासर म्हणायची. मागून म्हणायची, पण कान होते ना मला. मला आवडायचंच ते, खोटं कशाला बोलू.

तर पहिली गोष्ट, पास काढायचा. चार दिवसांचा एकच पास, त्यात हव्या तेवढ्या बस बदला. दुसरी गोष्ट, राहायचं ते स्टँडच्या जवळ. खोलीतून काय दिसतं ते बघायचं नाही, खोलीतून स्टँड दिसला पाहिजे. तिसरी गोष्ट — लिहून घ्या, लिहून घ्या, नंतर फोन करून विचाराल तर माझा फोन लागत नाही कधी — तिसरी गोष्ट म्हणजे खायचं सोबत न्यायचं आणि बसमध्येच खायचं. जेवायला म्हणून कुठे बसलात की गेला तास. आमचे साडू आहेत, म्हणजे आमच्या हिच्या धाकट्या बहिणीचे यजमान, ते कायम सहलीच्या गाडीनं जाणारे. गार हवेची गाडी, उशी, दर दोन तासांनी चहा, आणि परत आल्यावर आमच्या घरी येऊन दोन तास फोटो दाखवणार. दर वर्षी! आणि जाताना दारात चपला घालता घालता म्हणणार, "काय सर, तुम्ही कधी निघणार?" निवृत्त झालो त्या आठवड्यातही म्हणाले. त्याच रात्री — नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी — मी वही काढली. म्हटलं, तुम्ही बघितलीत तीच सगळी ठिकाणं, तुमच्या एक तृतीयांश खर्चात, आणि दोन जास्तीची. महिनाभर बसलो होतो. या खिडकीवरच्या माणसाला मी इतकं विचारलं की शेवटी तो मला वेळा विचारायला लागला.

ही? ही काय म्हणणार? आमची ही फारसं बोलत नाही. एकदाच म्हणाली, वही बघून — म्हणजे मीच दाखवली, जेवण झाल्यावर, मोठ्या कौतुकानं — म्हणाली, "तळ्यावर जरा बसायला मिळेल ना?" म्हटलं, मिळेल की! पस्तीस मिनिटं दिली होती मी तळ्याला. पस्तीस! किल्ल्यातल्या तोफेला सहाच दिली होती. तुम्हीच सांगा, तळ्यावर पस्तीस मिनिटांत असं काय बघायचं राहतं? पाणी. ते पहिल्या मिनिटातच दिसतं.

तर पहिला दिवस अगदी घड्याळासारखा गेला. चार बस, एका जुन्या वाड्याची देवडी, एक वस्तुसंग्रहालय, तळं. तळ्यावर ही दगडी पायरीवर बसली, चपला काढून पाय पाण्यात सोडले, आणि मी वर रस्त्यावर उभा राहून वेळ बघत होतो, कुणीतरी बघायला नको का? चौतीस मिनिटं झाली, मी हाक मारली. ती लगेच उठली. तक्रार नाही, काही नाही. ओल्या पायांनीच चपला घातल्या, आणि स्टँडपर्यंत चपला चुबुक चुबुक वाजत होत्या. मला हसू आलं होतं तेव्हा. तिला नव्हतं आलं बहुतेक.

दुसरा दिवस हा माझ्या आराखड्याचा मुकुटमणी. हे पान. सकाळी सात दहाची बस, आठ अठ्ठेचाळीसला फाट्यावर, तिथे बदलायची, नऊला किल्ल्याची बस. हिरव्या शाईत बारा मिनिटं. नंतर किल्ला, आणि किल्ल्याखालच्या धक्क्यावरून बारा चाळीसची बोट, दीपगृहाला. दिवसातून एकच बोट, बरं का! साडूंना ही बोट मिळालीच नव्हती, त्यांची गाडी उशिरा पोचली होती. त्यामुळे ती बोट म्हणजे — तुम्हाला कळतंय ना? ती चुकून चालणारच नव्हतं. आणि मग फाट्यावर काय झालं, तर हिची बस चुकली. हो, चुकली. होतं असं प्रवासात. स्वच्छतागृहाला कुलूप होतं, किल्ली नियंत्रकाकडे, नियंत्रक चहाला गेलेला, ही त्याला शोधत गेली. म्हणून मी म्हणतो, आईंना सांगा, सकाळी निघतानाच सगळं उरकून घ्यायचं, पाणी कमी प्यायचं. नऊला म्हणजे नऊला बस निघाली. सरकारी बस काय कुणासाठी थांबते?

मी? मी बसमध्येच होतो. म्हणजे जागा धरायला चढलो होतो, दिवसभराचं सामान घेऊन, बाकीचं खोलीवर. दोन्ही पिशव्या माझ्याजवळ. आणि पास. दोन्ही पास माझ्याच खिशात असायचे, ही हरवेल म्हणून. आणि फोन एकच होता आमच्यात तेव्हा, तो — हो, तोही. नाही, पण तिच्याकडे तिची छोटी पर्स होती! अगदीच काही उघड्यावर नव्हती पडली. आणि मी काय अविचारानं गेलो का? मी तेवढ्यातही हिशेब केला होता. अकराची दुसरी बस, ती पकडेल, अकरा पन्नासला पोचेल, मी किल्ल्याच्या दारात उभा, तिथून पंधरा मिनिटांत धक्का, बोट मिळते! तिचा फक्त किल्ला बुडणार होता, आणि किल्ल्याचं तिला तसंही — नाही, उतरता आलं असतं. आलं असतं की. कंडक्टरनं विचारलं होतं मला. भला माणूस होता, घंटीच्या दोरीला हात लावून थांबला आणि म्हणाला, "काका, तुमचं कुणी यायचंय का?" आणि मी —

चहा घेणार का तुम्ही? नको? बरं.

मी म्हटलं, "नाही, चला." आता असं का बघताय? माझ्यापुढे बोट होती. आणि मी खिडकीतून बघितलं तर ती येत होती. धावत नव्हती. धावली असती तर मी थांबवली असती बस, शपथेवर सांगतो. ती कोपऱ्यावर उभी राहिली. हात ओले होते, हात धुऊन आली होती, रुमाल माझ्याजवळच्या पिशवीत. ओले हात असे पुढे धरून उभी होती आणि बसकडे बघत होती. हाक मारली नाही, हात वर केला नाही. कंडक्टरनं विचारलं ते तिनं ऐकलं असेल का? दार उघडंच होतं. मी काय म्हटलं तेही… नाही, इंजिनचा आवाज होता. खूप आवाज असतो त्या बसना.

किल्ला उत्तम आहे. आईंना दाखवाच. पायऱ्या आहेत, पण रुंद आहेत. मी सगळा बघितला, तोफसुद्धा, सहा मिनिटं. अकरा पन्नासची बस आली, दारातच उभा होतो मी. माणसं उतरली, एक बाई उतरली, ती नव्हती. म्हटलं, मागे राहिली असेल. मागे कोण राहणार, बस रिकामी. मग बारा चाळीस झाले. … गेलो. हो हो, गेलो बोटीनं! तुम्ही काय केलं असतंत? तिथे उभं राहून काय झालं असतं? दीपगृह बघितलं मी. एकशे चाळीस पायऱ्या. वर वारा इतका की वही उडाली असती. तिथे एका कुटुंबानं मला त्यांचा फोटो काढायला सांगितला, मग म्हणाले, "तुमचाही काढू का?" मी म्हटलं, काढा. आहे तो फोटो. साडूंना दाखवला मी. बघत राहिले, आणि म्हणाले, "ताई कुठेत?" म्हटलं, फोटो तिनंच काढलाय.

परत आलो तेव्हा मात्र तोंडचं पाणी पळालं होतं माझ्या. तीनच्या बसनं फाट्यावर आलो, ही तिथे नाही. नियंत्रक काडीनं दात कोरत म्हणाला, "त्या बाई? त्या तर सकाळीच गेल्या. किल्ल्याची बस लागली होती अकराला, मी सांगितलं त्यांना. नको म्हणाल्या. उलट्या बाजूच्या बसमध्ये बसल्या." उलट्या बाजूला म्हणजे कुठे? त्या बाजूला सहा बस जातात, सहाही मला पाठ, आणि ती कुठल्या बसमध्ये असेल ते सांगता येईना. दीड तास मी बसमध्ये उभा होतो. जागा होती, पण बसवेना. आणि खोलीवर पोचलो, दार वाजवलं, तर आतून कडी काढली हिनं. न्हायलेली, केस मोकळे, कपडे धुऊन दोरीवर टाकलेले. तळ्यावर गेली होती. चार तास बसली होती तळ्यावर! स्वतःच्या पर्समधून तिकीट काढून. माझा जीव भांड्यात पडला, आणि त्याच क्षणी इतका राग आला, म्हणजे पास असताना तिकीट! पण आधी तीच बोलली. म्हणाली, "किल्ला कसा होता?"

एवढंच. मग मी सांगितला. दारापासून तोफेपर्यंत सगळा. तिनं ऐकला, मध्येमध्ये "हो का" म्हणाली. पुढचे दोन दिवस आराखड्याप्रमाणे झाले, एक मिनिट इकडे नाही की तिकडे नाही. त्या गोष्टीवर ती आजपर्यंत एक शब्द बोललेली नाही. भांडली असती तर बरं. मी उत्तरं तयार ठेवली होती, चार तरी.

मग महिन्यानं एका सकाळी पिशवी भरली आणि म्हणाली, "मी जरा जाऊन येते." मी विचारलं, कुठे? तर म्हणे, "बघते, कुठली बस लागलीय ते." असं असतं का कुठे? कुठली बस लागलीय ते! दोन दिवसांनी आली, रंग उजळलेला, कुठल्याशा गावात एका शिंपीणबाईकडे राहिली होती म्हणे. तेव्हापासून दर महिन्याला जाते. वही नाही, पास नाही, काही नाही. मी एकदा म्हटलं, मी येऊ का? भाजी निवडत होती. वर न बघता म्हणाली, "तुम्हाला कंटाळा येईल. मी बसते नुसती." मी म्हटलं, मग मीही बसेन. तर हसली. वाईट नाही हसली, शाळेत नवीन पोरगं काही तरी चुकीचं पण मनापासून सांगतं ना, तेव्हा आपण हसतो तसं.

म्हणून मी इथे — नाही, नाही, म्हणून नव्हे. मी इथे लोकांना मदत करायला बसतो. तुमच्यासारखी माणसं अडतात, खिडकीवरचा काहीही सांगतो. ती कुठल्या बसनं येणार ते कुणाला माहीत असतं? तिलाच नसतं. दोन दिवसांनी येते साधारण. या खेपेला आज पाचवा. फोन नेते आता, मीच घेऊन दिला; पण बंद ठेवते. मी काळजी करत नाही. ती उतरली की मी मागच्या फाटकातून निघतो, गल्लीतून घर सात मिनिटं, ती रमतगमत वीस मिनिटांनी येते. तोवर मी खुर्चीत वर्तमानपत्र घेऊन. "आलीस?" म्हणतो, आणि चहा ठेवतो. तिला कशाला कळायला हवं मी इथे —

थांबा. ती कुठली लागली? चौथ्या फलाटावर. पाटी दिसत नाही… मुलं उतरतायत. म्हातारा. पोतं. ही कोण — हो. हो हो, तीच. निळी पिशवी. किती वाळलीय, छे, उन्हानं वाटतंय तसं. बरंय तर, निघतो मी, मला तिच्याआधी पोचायला — मोठ्या फाटकाकडे नाही जात ती. बसली? समोरच्या बाकावर बसली ती. बस गेली तरी बसलीय. आता सात मिनिटं कुठून मोजायची मी?

इकडे बघतेय का हो? तुमची नजर चांगली आहे, बघा ना. बघतेय? माझ्याकडे? … पिशवी उचलली तिनं. बाकावरून उचलली, खाली ठेवली. शेजारची जागा रिकामी केली.

जा तुम्ही. उठा, जा आता, राहू दे वही तुमच्याकडेच. मला जरा पलीकडे जायचंय.