सांगितलं म्हणजे कुणाला सांगितलं?

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आपल्या रुग्णालयाचे अधीक्षक साहेब. प्रमुख पाहुण्या, विश्वस्त मॅडम. हृदयविभागाचे मोठे डॉक्टर. व्यासपीठावरचे इतर मान्यवर. माझ्या सिस्टर मंडळी. वॉर्डातले मामा आणि मावश्या. आणि मागे दाराशी ताटकळत उभे असलेले रुग्णांचे नातेवाईक, या सर्वांना माझा नमस्कार. मामा, भिंतीकडच्या त्या चार खुर्च्या जरा मागे द्या. त्या आजी केव्हाच्या उभ्या आहेत. हं, आता बोलते.

मघाशी माझं मानपत्र वाचलं गेलं. फार सुंदर लिहिलंय. ज्यांनी लिहिलं त्यांचे मनापासून आभार. त्यात एक वाक्य आहे, 'रुग्णांना व नातेवाइकांना माहिती समजावून सांगणे हे सिस्टरांचे जीवनकार्य होते.' होते. बरोबर आहे, आज मी निवृत्त होते आहे, तेव्हा भूतकाळच हवा. पण हे वाक्य ऐकताना मला सकाळचा सुतार आठवत होता.

सकाळी नऊला मी नेहमीसारखी जिन्याखालच्या माझ्या टेबलाशी गेले, तर एक सुतार टेप धरून भिंत मोजत होता. म्हटलं, काय दादा, काय चाललंय? म्हणाला, "बाई, हे टेबल उद्या उचलायचंय. इथं स्क्रीन बसणार. लोकांनी फोन धरायचा, सगळी माहिती आपोआप येणार." माझं टेबल उठणार हे मला सुताराकडून कळलं. साहेब, तुम्ही मान हलवताय, पण तसंच झालं. तुम्ही एकीकडे माझ्या कामाचा गौरव करताय आणि दुसरीकडे त्या कामाचं माप घ्यायला सुतार पाठवताय. मला राग आलाय. आभाराच्या भाषणात असं बोलू नये म्हणतात, पण चौतीस वर्षं गोड बोलून झालंय.

ते टेबल कसं आलं, हे इथल्या नव्या मुलींना ठाऊक नसेल. म्हणून सांगते. त्यात माझी फुशारकी नाही, माझी चूक आहे.

आपल्या डिस्चार्ज कार्डावर खाली एक चौकोन असतो. 'रुग्णास व नातेवाइकास सर्व माहिती समजावून सांगितली.' त्यात बरोबरची खूण करायची आणि खाली सही ठोकायची. आम्ही काय करायचो? सकाळी चहा घेता घेता दिवसभराच्या सगळ्या कार्डांवर आधीच खुणा करून ठेवायचो. वीस कार्डं, वीस खुणा, दोन मिनिटांत काम फत्ते. हसू नका गं, तुम्हीही करता. मला ही युक्ती माझ्या सिनियरनं शिकवली आणि मी पुढे दहाजणींना शिकवली.

नऊ वर्षांपूर्वी एक शिंपीकाका आपल्याकडे होते. हृदयाच्या नळीत जाळी बसवली होती. माणूस मोठा गमत्या. माझ्या गणवेशाची बाही पाहून म्हणाले, "सिस्टर, ही ज्यानं शिवली त्याला माझ्याकडे पाठवा, दोन धपाटे घालतो." पाचव्या दिवशी घरी गेले. कार्डावर इंग्रजीत लिहिलेलं, की रक्त पातळ ठेवायच्या दोन गोळ्या वर्षभर रोज घ्यायच्या, डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही थांबवायच्या नाहीत. खाली माझी खूण, माझी सही. मी त्यांना काहीही समजावलेलं नव्हतं. फक्त "गोळ्या वेळेवर घ्या हं" म्हटलं होतं.

महिन्याभरानं दात घासताना काकांच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं. काकू घाबरल्या. आता नीट ऐका, त्या बाईनं काय काय केलं. आपल्या रुग्णालयाच्या नंबरवर चार वेळा फोन केला. फोन वाजत राहिला. मग दोन बस बदलून इथं आल्या. चौकशीच्या खिडकीनं सांगितलं, बाह्यरुग्ण विभागात जा. तिथं म्हणाले, आधी केसपेपर काढा, पेशंट कुठंय, पेशंटशिवाय केसपेपर निघत नाही. काकू म्हणाल्या, मला फक्त एक प्रश्न विचारायचाय हो, रक्त येतंय तर गोळी द्यायची की नाही? कुणी उत्तर दिलं नाही. त्या घरी गेल्या. शेजारणीनं मोबाईलवर एक व्हिडिओ लावून दिला. पांढरा कोट घातलेला एक बाबा, देव जाणे कुठला डॉक्टर, आपल्या भाषेत, हसतमुखानं, सावकाश सांगत होता, की या गोळ्यांनी शरीर आतून पोखरतं, आजच बंद करा आणि मी सांगतो तो काढा घ्या.

गोळ्या बंद झाल्या. नवव्या दिवशी जाळीत गाठ झाली. काकांना आणलं तेव्हा मीच ड्यूटीवर होते. ते वाचले नाहीत.

त्यानंतर आपल्याकडे काय चर्चा झाली, आठवतं कुणाला? मला आठवते. 'लोक अडाणी आहेत.' 'लोक मोबाईलवर विश्वास ठेवतात.' याच सभागृहात त्या विषयावर एक व्याख्यानसुद्धा झालं. मला सांगा, काय करायचं होतं त्या बाईनं? खोटं बोलणारा माणूस तिच्याशी दहा मिनिटं बोलला. खरं माहीत असलेली आपण दोनशे माणसं एक मिनिट बोललो नाही. मग ती कुणाचं ऐकणार? अडाणी कोण ठरलं?

पंधरा दिवसांनी काकू ते कार्ड घेऊन आल्या. भांडायला नाही आल्या, हेच फार वाईट होतं. खुणेवर बोट ठेवून म्हणाल्या, "सिस्टर, एकाकडून हे वाचून घेतलं. इथं लिहिलंय, सगळं सांगितलं. सांगितलं म्हणजे कुणाला सांगितलं?"

त्याच आठवड्यात मी रुग्णालयात जागा शोधायला लागले.

जिन्याखाली मोडकी स्ट्रेचर ठेवायची जागा होती, ती मामांनी आणि मी झाडून काढली आणि टेबल टाकलं. तिथं नियम एकच. आपण सांगायचं, आणि मग समोरच्यानं तेच आपल्या शब्दांत आपल्याला परत सांगायचं. परत सांगता आलं, तरच खूण. त्यावरून माझं नाव 'परत-सांगा बाई' पडलं, ते मला माहीत आहे. एक निवृत्त हेडमास्तर भडकले होते. "मी आयुष्यभर परीक्षा घेतल्या, तुम्ही माझी घेता?" म्हटलं, गुरुजी, एकदाच सांगा. ऐटीत म्हणाले, "ब्लडप्रेशर नॉर्मल आलं की गोळी बंद." म्हटलं, गुरुजी, नापास. गोळी चालू आहे म्हणूनच ते नॉर्मल आहे. तीन वेळा बसवले, तेव्हा पास झाले. परवाच भेटले, ठणठणीत आहेत.

आणि टेबलावरची माहितीपत्रकं? प्रत्येक पत्रक आधी एका परीक्षकाला दाखवलं जातं. परीक्षक चौथी शिकलेल्या आहेत. त्यांना वाचून परत सांगता आलं नाही, तर पत्रक नापास, मग ते कितीही मोठ्या डॉक्टरांनी लिहिलेलं असो. आमचे हृदयविभागाचे डॉक्टर सहाव्या खेपेला पास झाले. हसताहेत बघा ते. पण पाच वेळा त्यांनी न कुरकुरता पुन्हा लिहिलं, यासाठी त्यांना माझा नमस्कार आहे. त्या परीक्षक आज चौथ्या रांगेत बसल्या आहेत. शिंपीकाकू, उभ्या राहू नका, बसून घ्या. आठ वर्षं दर मंगळवारी दोन बस बदलून त्या येतात. मानपत्रात त्यांचं नाव कुठं नाही.

आज सुतार गेल्यावर काकूंनी आणि मी ती नवी माहिती उघडून पाहिली. फोन धरायचा त्या चौकोनी कोडाचं नमुन्याचं चित्र त्यानं भिंतीला चिकटवलंच होतं. काकूंनी फोन धरला. इंग्रजी पान उघडलं. मी वाचून दाखवलं. शेवटी लिहिलं होतं, 'अधिक माहितीसाठी आपल्या डॉक्टरांना विचारा.' काकू म्हणाल्या, "म्हणजे परत केसपेपर काढा." साहेब, नापास.

स्क्रीन लावा, माझी ना नाही. खुशाल चार लावा. पण टेबल राहिलं पाहिजे आणि टेबलामागे माणूस बसलेलं पाहिजे, ज्याला नातेवाईक केसपेपर न काढता प्रश्न विचारू शकेल. एवढंच मागते आहे. निवृत्तीनंतर मी येऊन बसेन हो, पण मी मेल्यावर काय? ही माझी हौस नाही, हे रुग्णालयाचं काम आहे.

आता आवरतं घेते. माझ्या सिस्टर मंडळींनी सांभाळून घेतलं, मामा-मावश्यांनी माझी चिडचिड ऐकून घेतली, घरच्यांनी माझ्या ड्यूट्या सोसल्या, या सर्वांची मी ऋणी आहे. बोलण्याच्या भरात कुणाचा उल्लेख राहिला असेल, शब्द जड गेला असेल, तर मोठ्या मनानं पोटात घाला. जे बोलले त्याबद्दल मात्र माफी मागत नाही.

आणि अध्यक्ष महोदय, एक राहिलंच. हा माईक घ्या. जिन्याखालच्या टेबलाबद्दल मी आत्ता काय सांगितलं, ते तुमच्या शब्दांत मला परत सांगा. सगळ्यांना ऐकू जाऊ दे, मागे दाराशी आहेत त्यांनाही. सावकाश सांगा, घाई नाही. मी इथंच उभी आहे, आणि बरोबरची खूण मी त्यानंतरच करेन.