चंदाची बंडी

नाही हो ताई, घाटराणीचा झगा मी शिवत नाही — पोलकं सांगा, परकर सांगा, शाळेचा युनिफॉर्म सांगा, गॅदरिंगला राधा करा, भारतमाता करा, पोस्टमन करा, सगळं शिवून देते — पण घाटराणी नाही. तुम्ही नुसतं चित्रकथेतल्या बाईचा पोशाख म्हणालात आणि मी ओळखलं, दुसरी कोण असणार, हल्ली दर गॅदरिंगला तीच — नाही, थांबा, मला आधी बोलू द्या. तळेगावाहून लोकलनं आलात ना? एवढ्या उन्हाचं, तेही शिवायला? तळेगावात काय शिंपी मेले का? बसा, पाणी प्या. त्या खिळ्यावरच्या दोऱ्यांकडं काय बघताय, ती मापं आहेत गिऱ्हाइकांची, गाठी मारून ठेवते मी — वहीत लिहिलं की वही कुठं जाते कळत नाही, दोरा कुठं जातोय. तर झग्याचं म्हणाल तर येत नाही अशातला भाग नाही. घाटराणीच्या झग्याला पाठीवर किती चुण्या, फडकं नाकाच्या वर बांधते का खाली, मला झोपेतनं उठवून विचारा. पण शिवणार नाही. का म्हणून विचारू नका. — आता विचारलंतच तर सांगते.

इथं मागं कंपनीची कॉलनी आहे ना, तिथं आमच्या ह्या घराच्या भिंतीला भिंत लागून राहायच्या नीलिमावहिनी. शिकलेल्या, मॅट्रिकच्या पुढं दोन वर्षं कॉलेज, नवरा सुपरवायझर. आमचे हे त्याच कंपनीत, पण मशीनवर — म्हणजे भिंत एक असली तरी दार वेगळं, कळतंय ना तुम्हाला. पण दुपारी फर्स्ट शिफ्टची माणसं कामावर गेलेली, पोरं शाळेत, की त्या यायच्या माझ्याकडं, काखेत ते पाक्षिक — चित्रमाळ. त्यात घाटराणी यायची. घोड्यावरनं घाटात लुटारूंनाच लुटणारी बाई, तोंडावर फडकं, कुणाला तिचं खरं नाव माहीत नाही. मी मशीन चालवायची आणि त्या खाटेवर बसून वाचायच्या. चित्रात ते बोलण्याचे फुगे असतात बघा, ते सगळ्यांच्या वेगवेगळ्या आवाजात वाचायच्या — लुटारूचा घोगरा, पाटलाचा खाकरत, आणि घाटराणीचा अगदी हळू, मला मशीन थांबवायला लागायचं. लोक चित्रकथा बघतात, मी ऐकली. मला वाचायला वेळ कुठला, हात सारखे कापडावर. छापायचे ते काळ्या शाईत, रंग असायचा नाही. मी विचारायची, वहिनी, झगा कसल्या रंगाचा असंल हो? त्या जरा डोळे मिटायच्या आणि म्हणायच्या, डाळिंबी. झालं, माझ्यापुरता डाळिंबी.

एकदा मी म्हणलं, ही एवढी काट्याकुट्यातनं घोडा उडवते, तिचे कपडे फाटत नाहीत? कोण शिवतं हो तिला? त्या हसल्या. आणि काय सांगू ताई, पुढच्याच अंकात चंदा आली. घाटराणीची जिवाची मैत्रीण, शिवणारी. मी विचारलं काय आणि पंधरा दिवसात छापून आलं काय — तेव्हाच माझ्या डोक्यात उजेड पडायला पाहिजे होता. पण नाही पडला. मी म्हणलं, दाखवा बघू कुठाय. त्यांनी बाजाराच्या चित्रात टोपलीवाल्या एका बाईवर बोट ठेवलं. म्हणाल्या, ही बघ, वेश पालटून आलीय, चंदाला कुठलाही वेश शिवता येतो, म्हणून ती ओळखूच येत नाही. दुसऱ्या पानावर विहिरीवर पाणी शेंदणारी — ती पण चंदाच. पुढंपुढं तर मला नादच लागला, मशीन सोडून उठायची, त्यांच्या आधी मीच बोट ठेवायची — ही का? देवळाच्या पायरीवरची? त्या म्हणायच्या, बरोबर ओळखलंस शालन. शालन म्हणायच्या मला, एकेरी, बहिणीला म्हणावं तसं. कधीकधी वाचता वाचता थांबायच्या आणि म्हणायच्या, घाटराणी म्हणते, चंदा, तू नसतीस तर मी कधीच पकडली गेले असते. आणि माझ्याकडं बघायच्या. मला काय कळायचं नाही का? कळायचं. तेवढं बरोब्बर कळायचं.

मग जनता सरकारच्या वेळेला, पिंपरीत मोठ्ठा मेळावा भरला चित्रमाळच्या वाचकांचा. गल्लीत रिक्षाला भोंगा बांधून सांगत फिरत होते — आवडत्या पात्राच्या वेशात या, चित्रकार स्वतः भेटणार, जुने अंक मिळणार. मी पळत वहिनींकडं गेले. तर त्या म्हणाल्या, गर्दी असते, पोरासोरांचं काम, आपण कुठं जायचं या वयात, मी तरी नाही जाणार. म्हणलं बरं. पण मनात ठरवलं, आपण जायचं, एकटीनं जायचं आणि येऊन त्यांना सगळं सांगायचं — रोज त्या मला सांगतात, एक दिवस मी त्यांना सांगीन. ह्यांना कंपनीकडनं वर्षाचं युनिफॉर्मचं कापड मिळालं होतं, निळं, जाड. त्याची मी बंडी शिवली. चंदाचं खरं रूप फक्त घाटराणीच्या गुहेत दिसतं, वहिनींनी सांगितलेलं — काष्टा, वरनं बंडी, बंडीला नुसते खिसेच खिसे, कुठं दोरा, कुठं गुंड्या, कमरेला कात्री, मनगटावर टाचण्यांची गादी. तसंच्या तसं केलं. आमचे हे ते वर्ष ठिगळाच्या शर्टावर कामाला गेले, पण बोलले नाहीत. एवढंच म्हणाले, छान दिसतेस.

आणि ताई, काय तो मंडप. मला वाटलेलं आम्ही दोघीच वेड्या. तिथं नाशिकचे, कोल्हापूरचे, कुठले कुठले लोक, बाप्ये, बाया, म्हातारे, सगळे घाटराणीसाठी आलेले. एकजण दुसऱ्याशी भांडत होता की घोडा लंगडला तो दिवाळी अंकात का त्याच्या आधी. फडकं बांधलेल्या घाटराण्या तर पायलीला पन्नास, कुणाचा झगा हिरवा, कुणाचा काळा — मनात म्हणलं, चुकलात, डाळिंबी. पण चंदा एकही नाही. मला बरंच वाटलं. म्हणलं, अवघड वेश आहे, जमणार कुणाला. तेवढ्यात छातीला बिल्ला लावलेला एक कार्यकर्ता आला, माझी कात्री बघितली, म्हणाला, बाई, शिवणाऱ्या ना तुम्ही? बरं झालं आलात, स्टेजचा पडदा फाटलाय. मी हरखून गेले. म्हणलं, ओळखलं पोरानं. चंदाला चंदाचंच काम सांगितलं, काय गंमत करतात ही माणसं. गुडघ्यावर बसून अख्खा पडदा शिवला मी, हसत हसत. येणारेजाणारे बघत होते, मी मान हलवत होते त्यांच्याकडं. आज आठवलं की अंगावर काटा येतो. त्याला खरंच पडदा शिवून पाहिजे होता हो, दुसरं काही नाही.

मग वेशभूषा सुरू झाली. मी आपणहून रांगेत उभी. माझी पाळी आली, माइकवाला म्हणाला, आपण कोण? मी म्हणलं, चंदा. तो म्हणाला, कोण चंदा? म्हणलं, घाटराणीची चंदा. खालनं एक कोल्हापूरचा पोरगा उठला, त्याला पहिल्या अंकापासनं सगळं पाठ, तो म्हणाला, अशी कुणी नाहीच. मग चित्रकारांना विचारलं. म्हातारा भला माणूस, हळूच म्हणाला, बाई, ती चित्रं मीच काढतो, चंदा मी कधी काढलेली नाही. आणि मी काय बोलावं? मी त्याला म्हणलं, "काढलीय तुम्ही. विहिरीवर काढलीय, बाजारात काढलीय. तुम्हाला ओळखू आली नसंल." जो हशा पिकला — मंडप हलला. मला वाटलं हे सगळे चुकतात. खरं सांगते, तेव्हासुद्धा मला वाटलं हेच चुकतात. कारण मला एक अक्षर जरी वाचता येत असतं तर — म्हणजे — जाऊ दे, बोलून गेले. आता तुम्हाला कळलंच. दोऱ्याच्या गाठींचं पण कळलं असंल. कुणाला सांगू नका, गिऱ्हाईक तुटतं.

तेवढ्यात मला त्या दिसल्या. नीलिमावहिनी. पुढच्या रांगेत, खुर्चीवर, रेशमी साडी, कंपनीतल्या साहेबांच्या बायकांच्या मधोमध — त्यांचे मालक नुकते ऑफिसर झाले होते ना. नाही जाणार म्हणाल्या होत्या मला. पण त्या क्षणी मला त्याचं काही वाटलं नाही, जिवात जीव आल्यागत झालं. मी ओरडून म्हणलं, त्यांना विचारा, त्या वाचतात, त्यांना सगळं माहिताय. माइकवाला हसत हसत खाली उतरला, त्यांच्या तोंडापुढं माइक धरला. सगळा मंडप तिकडं वळला. काय बोलायचं होतं सांगा? नुसतं म्हणायचं, ही माझी मैत्रीण आहे. चंदा खोटी का असंना, तेवढं तर खरं होतं ना? त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग शेजारच्या बाईकडं बघितलं. आणि म्हणाल्या, "या शालनबाई. आमच्याकडचे ब्लाउज शिवतात." शालनबाई. रोज दुपारी शालन, आणि मंडपात बाई.

दुसऱ्या दिवशी आल्या ना दारात, पदराखाली नवा अंक. म्हणाल्या, शालन, मी तुझ्यासाठी केली होती गं तिला, तुला बरं वाटावं म्हणून, दुसऱ्या कुणासाठी नाही, फक्त तुझ्यासाठी. मी मशीन चालवत राहिले. बॉबिनमध्ये दोरा नव्हता, तरी चालवत राहिले. उभ्या राहून राहून त्या गेल्या. पुढं त्यांनी घर बदललं, कुठं गेल्या मी विचारलं नाही. खोटं सांगितलं त्याचं काही नाही हो मला. — नाही, त्याचंही आहे. इतकी वर्षं मी बोट ठेवत होते, आणि त्या बरोबर म्हणत होत्या. मी गेल्यावर हसत असतील का? रात्री कुशीवर वळले की हाच विचार. कधीकधी वाटतं, नसतील हसत. अशी चंदा करायला किती — जाऊ दे. म्हणून म्हणलं, घाटराणीचा झगा मी शिवत नाही. तुम्ही मघापासनं काय सांगायला बघताय, मी बोलूच देईना. सांगा.

घाटराणी नको? मग कोण पाहिजे लेकीला? — काय म्हणालात? — परत सांगा. — निळी बंडी. खिसे असलेली. कमरेला कात्री. — अहो ताई, हे तुमच्या लेकीला सापडलं कुठं? पुस्तकात नाही हे. कुठल्याच अंकात नाही, सगळ्या मंडपापुढं शिकलेय मी ते. — शेजारच्या काकू. दुपारी आळीतल्या पोरी जमवतात आणि वाचून दाखवतात. तळेगावात. — आणि माझ्या दुकानाचा पत्ता? — त्यांनीच. काय म्हणाल्या? — हे एकीलाच शिवता येतं, म्हणाल्या.

किती पोरी असतात हो? — आणि पोरी चित्रावर बोट ठेवतात का, ही का, ही का म्हणून? — आणि त्या म्हणतात का, बरोबर ओळखलंस?

म्हणतात.

फक्त माझ्यासाठी म्हणाली होती. इथं उभी होती, तुम्ही बसलाय तिथं, आणि दुसऱ्या कुणासाठी नाही म्हणाली होती. तोंडात मारलं असतं तर चाललं असतं मला. मंडपात केलं ते पण गिळलं असतं एखाद्या दिवशी. पण ही एवढी एकच वस्तू दिली होती बाईनं, ती पण वाटत सुटली, आळीभर — नाही, तुमच्या लेकीवर कशाला रागवू, तिचं काय चुकलं. घ्या, ते माझ्या फळीवरचं कापड उलगडा. घाटराणी शिवते तिला. व्हय, शिवते म्हणतेय ना. डाळिंबी झगा, पाठीवर चुण्या, फडकं, सगळं, असा शिवते की गॅदरिंग बघत राहील, शिलाई पण देऊ नका. पण चंदा नाही. तिला सांगा, त्या काकूला सांगा, शालन म्हणाली, चंदा कुणाला मिळणार नाही. — नाही, काही सांगू नका. माझं नावच काढू नका. उठा आता ताई, दारातनं बाजूला व्हा, मला उजेड लागतो कामाला.